पुढच्या तळावरची चूल

पौषातला माळ. पिवळा, विरागी, वाऱ्याने विंचरलेला माळ.

सूर्य अजून यायचा होता. त्याच्या येण्याची कुणकुण लागून पूर्व दिशा केशरी झाली होती, आणि त्या केशरी उजेडात माणदेशाचं ते उघडं, उदास, अफाट रान थंडीने काकडत पडलं होतं. कुसळाकुसळावर दव उतरलं होतं. दिवसभर पायांना टोचणारी ही कुसळं त्या घटकेला मात्र मोठी लोभस दिसतात. उन्हं वर आली की पुन्हा मूळ स्वभावावर जातात.

वारा तेवढा अस्वस्थ होता. माळावरचा वारा कधी स्वस्थ बसलाय म्हणा! बाभळीला हलवून जायचा, खडकाला धडकून यायचा, धूळ उचलायचा, धूळ टाकायचा. कुठे जायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्या वाऱ्यातून एक मुलगी धावत होती, आणि तिलाही ते ठाऊक नव्हतं.

मायाक्का कोळेकर. धनगराची लेक. तालुक्याच्या गावातल्या क्रीडा वसतिगृहात राहून लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारी. श्यामलवर्णा, शीघ्रपदा, मितभाषिणी. श्वास विहिरीसारखा खोल, पाऊल पिसासारखं हलकं. विशेषणं हवी तेवढी जोडावीत, तिला सगळी शोभली असती. पण विशेषणांनी शर्यत जिंकता येत नाही. मायाक्का कायम चौथी यायची.

चौथी! तिघींच्या गळ्यात पदकं पडतात, तिघींचे फोटो निघतात, आणि चौथीला सगळे म्हणतात, ‘थोडक्यात हुकलं गं.’ हे थोडक्यात हुकणं फार वाईट. पार शेवटी येणाऱ्याला निदान झोप तरी लागते.

दम कमी पडत नव्हता. दम तर एवढा उरायचा की शर्यत संपल्यावर ती मैदानाला आणखी दोन फेऱ्या मारून यायची. अडत होतं ते दुसरीकडेच. ती मागे धावायची. मुलींचा घोळका सुटला की ही आपोआप त्याच्या शेपटाला जायची, आणि तिथे तिचा जीव थंड व्हायचा. पुढे हलणाऱ्या वेण्या, पुढे उडणारी धूळ, पुढे पडणारी पावलं. सगळ्या डोळ्यांसमोर. सगळ्या सुखरूप. मग अखेरच्या टप्प्यात शिंगटे मॅडम कुंपणापासून ओरडायच्या, तेव्हा ती एकेकीला मागे टाकत यायची, आणि यायची ती चौथी.

ही सवय तिला मेंढरांनी लावली होती.

माणदेशातले धनगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उतरतात, कृष्णाकाठच्या काळ्या रानांकडे. तळ हलतो तेव्हा बायका बिऱ्हाड घोड्यांवर लादून पहाटेच पुढे निघतात, आणि पुरुष मेंढरांच्या मागून येतात. मायाक्काला भाऊ नव्हता. म्हणून पाय फुटले तेव्हापासून ती बापाबरोबर मागे. शेकडो पाठींचा तो लोकरी लोंढा पुढे, आणि त्याच्या मागे काठी खांद्यावर आडवी टाकलेला सिदाप्पा कोळेकर, आणि त्याच्याही मागे, फरफटत, फुफाट्यात माखलेली, एवढीशी मायाक्का.

“शेवटच्या मेंढराच्या मागं ऱ्हायाचं,” सिदाप्पा सांगायचा. “ते पोचलं म्हंजी आपण पोचलो. तवर न्हाई.”

लंगडं कोकरू, म्हातारी मेंढी, वाटेत व्यालेली आई. जे मागे पडेल ते आपलं. मान वळवायची, मोजदाद करायची, पुन्हा मान वळवायची. बापाचं हे शिकवणं तिच्या हाडात उतरलं होतं, आणि हाडातलं शिकवणं मैदानावर येताना वसतिगृहाच्या खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

आणि हाडात आणखीही एक गोष्ट होती. त्या गोष्टीबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती.

पहाटेच्या धुक्यात पुढे निघालेली आई. हिरवं लुगडं, डोक्यावर टोपलं, हातात घोड्याचा कासरा. झपझप झपझप चालणारी तिची पाठ. लहानगी मायाक्का मागून ‘आये, आये’ करून ऊर फुटेस्तोवर रडायची, बापाच्या हाताला हिसडे द्यायची. आणि ती हिरवी पाठ लहान होत जायची, आणखी लहान, आणखी धूसर, आणि वळणावरच्या बोरीआड दिसेनाशी व्हायची. आईने कधी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. एकदाही नाही! संध्याकाळी तळावर ती भेटायची, भाकरी द्यायची, डोक्यावरून हात फिरवायची. पण पोरीच्या मनात ती पाठ रुतली ती रुतलीच. पुढे जाणं म्हणजे टाकून जाणं, असं त्या कोवळ्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं.

म्हणूनच दिवाळीआधीच्या मोठ्या शर्यतीत ते घडलं.

त्या दिवशी तिचे पाय तिच्या ताब्यात नव्हते. रानवाटेवरच्या शर्यतीत, करडईच्या शेतांमधून, ओढ्याच्या कोरड्या वाळूतून ती नकळत पुढे आली. एकीला मागे टाकलं, दुसरीला टाकलं, आणि मग पुढे कुणीच नव्हतं. पुढे नुसता रस्ता होता. मोकळा, लखलखीत, कुणाचंही पाऊल न पडलेला. दूरवर दोन बांबूंमध्ये ताणलेली लाल फीत दिसत होती.

आणि मायाक्काला भीती वाटली. पाठीमागचे आवाज विरत चालले होते. सगळ्या कुठे गेल्या? कुणी पडलं का? कुणी राहिलं का? छातीत काहीतरी लक्कन हललं, पावलं मंदावली, मान वळली.

तिने मागे पाहिलं.

एवढं पुरे झालं. तिघी जणी सपासप बाजूने निघून गेल्या. मायाक्का चौथी आली.

शिंगटे मॅडम रागीट बाई. गळ्यात शिट्टी, जिभेवर तिखट. पण त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. तिच्या शेजारी बांधावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “माया, तुझं मागे काय राहिलं होतं गं?”

मग मॅडमनी खरं ते सांगून टाकलं. माघात निवड शर्यत होती. पहिल्या तिघी राज्याच्या संघात जाणार होत्या. तिथे जमलं तर वसतिगृहातली खाट राहील. नाही जमलं तर वयाची अट उलटलेली, खाट सोडावी लागेल आणि धावणं तिथेच संपेल.

तेव्हापासून मायाक्काची स्वस्थता गेली.

उभी राहिली तर बसावंसं वाटे, बसली तर उठावंसं वाटे. जेवताना पाय टेबलाखाली हलत राहत. वर्गात खिडकीबाहेर बघे, मैदानावर वर्गाकडे बघे. शेजारची मुलगी म्हणाली, “तुझ्या अंगात भिंगरी शिरलीय का गं?” मैत्रिणी हसल्या, तीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक भाषणात जिद्द, चिकाटी वगैरे शब्द साखरफुटाण्यांसारखे वाटत असतात. कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्याने तिलाही मूठभर दिले होते. पण जिचे पाय तयार आहेत आणि मानच ऐकत नाही, तिने जिद्द नेमकी कुठे लावायची, हे काही पाहुणा सांगून गेला नाही.

अशी ती त्या पौषातल्या पहाटे माळावर धावत होती, आणि धावता धावता एकाएकी थांबली. भोवती केशर, भोवती दव, भोवती तो बेचैन वारा. तिने बूट काढून हातात घेतले आणि थंडगार मुरमावर अनवाणी उभी राहिली. धावणं तिला आवडत होतं. जगात दुसरं काही एवढं आवडत नव्हतं. आणि तेच आता तिला सोसवत नव्हतं.

मॅडमकडे जाऊन म्हणाली, “घरी जाऊन येते.”

मॅडमनी तिच्याकडे एकवार नीट पाहिलं. “जा. पण परत ये,” म्हणाल्या.

घरी म्हणजे कुठे, हा धनगराच्या लेकीपुढे मोठाच प्रश्न असतो. घर आज या गावच्या शिवारात, उद्या त्या गावच्या. एस. टी. ने कृष्णाकाठी उतरून ती उसाच्या मोकळ्या फडांतून विचारत गेली. बापाचा फोन लागत नव्हता. तो बहुधा कुठल्यातरी पानपट्टीवर चार्जिंगला पडलेला असणार. अखेर ओल्या मातीत खुरांचे ताजे ठसे दिसले, कुत्र्यांचा ओळखीचा कालवा ऐकू आला, आणि सांजावताना उसाच्या एका खोडव्याच्या कडेला बिऱ्हाड सापडलं. केराबाईने, तिच्या आईने, लेकीला येताना पाहिलं. परातीत पीठ वाढवलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तळ हलायचा होता. पहाटे मायाक्का सवयीने काठी घेऊन बापामागे उभी राहिली. सिदाप्पा म्हणाला, “आज आयसंगं जा. तांबडं घोडं लई आडमुठं झालंया. तिला एकलीला आवरत न्हाई.”

अशी ती आयुष्यात पहिल्यांदा पुढे निघाली.

धुकं होतं. कृष्णेवरून सरकत आलेलं, दुधाळ, दाट, उसाच्या पाचटावर रेंगाळणारं धुकं. घोड्यांच्या पाठीवर भांडी किणकिणत होती, जाळीत कोंबड्या कुरकुरत होत्या, आणि नुकतं जन्मलेलं एक कोकरू गाठोड्यातून मान काढून जगाकडे आश्चर्याने बघत होतं. केराबाई चालत होती. झपझप, झपझप. राज्याच्या संघात निवड व्हावी अशी तिची चाल. मायाक्काला तिच्याबरोबर राहायला लांब ढांगा टाकाव्या लागत होत्या.

थोडं अंतर गेलं की मायाक्का मागे बघे. पुन्हा थोडं गेलं की पुन्हा बघे. मागे धुकं होतं. मेंढरांचा आवाज विरत चालला होता. दिवाळीआधीची तीच भीती तिच्या छातीत पुन्हा फडफडू लागली.

“मेंढराची मान हाय तुजी,” केराबाई हसून म्हणाली. “बापाची लेक!”

मायाक्का हसली नाही. आत वर्षानुवर्षं दाबलेलं काहीतरी उसळून तिच्या ओठांवर आलं.

“आये, तू कदी मागं बगितलं न्हाईस. मी एवढी रडायची. एकदा बी बगितलं न्हाईस.”

केराबाईची चाल मोडली नाही. फक्त हातातला कासरा तिने घट्ट धरला.

“मला ऐकू यायचं,” ती म्हणाली.

“काय?”

“तुजं रडणं. पार त्या बोरीपतोर ऐकू यायचं. मागं बगितलं असतं तर पाय उचलला नसता गं माजा. मग चूल कवा पेटायची? तू दमून भागून येणार, भुकी येणार. तू जितकं रडायचीस तितकी मी भराभर चालायची.”

मायाक्का रस्त्यातच उभी राहिली. तांबडं घोडं तेवढी संधी साधून बांधावरच्या हरभऱ्यात तोंड घालू लागलं. ती हिरवी पाठ, जिला ती एवढी वर्षं मनात रागे भरत आली होती, तिच्या पुढ्यात उभी होती. आणि त्या पाठीला कान होते हे तिला आज कळलं.

“चल बाय,” केराबाई म्हणाली. “अजून लांब जायचंय.”

पुढे वाट फुटत होती. केराबाईने निंबाचा एक हिरवा डहाळा मोडला, उजव्या वाटेवर आडवा टाकला आणि त्यावर धोंडा ठेवला. मागून येणाऱ्यांना खूण. त्यापुढच्या फाट्यावर मायाक्काने स्वतःच डहाळा मोडला. त्यानंतर तिने मागे पाहिलं नाही. एकदोनदा मान वळायला आली, नाही असं नाही. पण तिने तिला वळू दिलं नाही.

दुपार कलताना नवं रान आलं. घोडी मोकळी झाली. चुलीचे तीन दगड मांडले गेले, विहिरीवरून हंडे भरून आले, पाचट भडकलं, आणि निळसर धुराची एक उंच, सरळ रेघ आभाळात चढत गेली. मग केराबाई उठली. हात पुसत वाटेच्या तोंडाशी गेली, कपाळावर आडवा हात धरला, आणि आल्या दिशेकडे बघत उभी राहिली.

“आता बगतीस व्हय मागं?” मायाक्काने विचारलं.

“आता बगायचंच की. चूल पेटलीया न्हवं?”

क्षितिजावर धूळ दिसली. सोनेरी, संथ, ओळखीची धूळ. आधी कुत्री आली, मग मेंढरांचा लोंढा, मग लंगडणारी एक मेंढी, आणि तिच्या मागून काठी आडवी टाकलेला सिदाप्पा. केराबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो उभ्यानेच रिकामा केला. पंचवीस वर्षांचा संसार असाच चालला होता. तिने पुढे जायचं, त्याने मागून यायचं, आणि दोघांच्या मधलं अंतर धुराने भरून काढायचं.

मायाक्का दुसऱ्याच दिवशी वसतिगृहात परतली.

माघ आला. पळसाला अजून रंग चढायचा होता, पण काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलं पेटली होती. निवड शर्यतीसाठी माळावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखल्या होत्या. वारा होताच. तोच, तसाच, अंगणभर सैरावैरा हिंडणाऱ्या वासरासारखा.

शिट्टी झाली. घोळका सुटला.

मायाक्का मागे राहिली. सवय अशी एका दिवसात जात नाही. कुणी जाते म्हणत असेल तर तो खोटं बोलतो. पहिल्या चढावर ती शेपटाला होती, आणि तिथे तिला बरं वाटत होतं, उबदार वाटत होतं. कुंपणापाशी शिंगटे मॅडमनी शिट्टी दातांत धरली होती. ओरडायला त्यांना धीर होईना. ओढ्याच्या वाळूत घोळका विस्कटला, कुणी धापा टाकू लागलं, कुणी कण्हलं. ते कण्हणं मायाक्काच्या कानांत शिरलं आणि ती सवयीने त्या मुलीकडे वळणार, तोच तिला आठवलं.

तू जितकं रडायचीस तितकी मी भराभर चालायची.

मग ती निघाली.

एकीला ओलांडलं. दुसरीला ओलांडलं. घोळक्याच्या कडेने, कुसळांतून, काट्यांतून, वाऱ्याच्या छाताडावर पाय देत ती पुढे आली, आणखी पुढे आली, आणि मग पुढे कुणीच उरलं नाही. मोकळा रस्ता. तोच भयाण, लखलखीत, कुणाचंही पाऊल न पडलेला रस्ता. मागचे आवाज विरू लागले. मानेचे स्नायू वळवळले. बघ, एकदाच बघ, कुणी पडलं असेल. छातीत कोकरू ओरडत होतं, आणि ते कोकरू तीच होती, फुफाट्यात माखलेली, एवढीशी.

तिला ऐकू येत होतं. म्हणून ती भराभर पळत होती.

ऊर फाटत होता, पोटऱ्या पेटल्या होत्या, डोळ्यांसमोर उन्हाचे तुकडे नाचत होते. तिच्या लेखी पुढे फीत नव्हती. पुढे तीन दगड होते. अजून न मांडलेले, अजून न पेटलेले. कुणीतरी आधी पोचायला हवं होतं, एवढंच तिच्या मनात होतं. माळ मागे सरकत होता, बाभळी मागे सरकत होत्या, आणि ती झपझप, झपझप, आईच्या पावलांनी चालली होती.

फीत छातीला लागली आणि तुटली. मायाक्का पहिली आली होती.

टाळ्या झाल्या. शिंगटे मॅडम धावत आल्या, त्यांची शिट्टी गळ्यात उलटी झाली होती आणि डोळे भरले होते. त्यांनी तिला मिठी मारली, पाठीवर धपाटा घातला, पुन्हा मिठी मारली. मायाक्काने धापा टाकत त्यांचे हात हलकेच सोडवले. टेबलावर पाण्याचं पिंप होतं. तिने दोन पेले भरले, स्वतःच्या कोरड्या ओठांना एकही न लावता रेघेपाशी आली, हातांतले पेले तोलत वळली.

आणि मग तिने मागे पाहिलं.

दुसरी आली, तिसरी आली; तिने पाणी दिलं. चौथी आली, रडत आली. त्या चौथीला तिने पाणी दिलंच, वर खांद्यावर हातही ठेवला. पेले रिकामे झाले की पिंपाकडे जायची आणि भरून पुन्हा तिथेच येऊन उभी राहायची. मुली येत होत्या, लालबुंद, धूळभरल्या, कोलमडत. ऊन उतरू लागलं. बघे पांगले. मांडववाल्याने बांबू उपटायला घेतले.

“माया, ये गं, बक्षीस घ्यायला बोलावतायत!” मॅडमनी हाक मारली.

“आले, मॅडम. एक राहिलीय.”

कपाळावर आडवा हात धरून ती माळाकडे बघत होती. मागून उन्हं पडली होती आणि तिची सावली रेघेपलीकडे, आल्या वाटेवर लांबच लांब गेली होती. बऱ्याच वेळाने चढावर एक ठिपका दिसला. कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यातली, एक बूट हातात घेतलेली, लंगडत, फरफटत येणारी मुलगी. जिच्यासाठी टाळी वाजवायला कुणी उरलं नव्हतं, ती. रेघेशी पाणी घेऊन उभी असलेली मुलगी तिला दिसली, आणि तिने उरलेलं अंतर पळत काटलं.

मायाक्काने पेला पुढे केला. त्या मुलीने तो उभ्यानेच रिकामा केला.

वारा पडला. माळ निवला. शेवटची पोचली होती.

आता कुठे मायाक्का पोचली.